देसले घरचे, देसले पाहुणे

आमच्या घरात घरचा कोण आणि पाहुणा कोण हे मी ठरवतो, असा माझा समज होता. वायफायनं तो मोडून काढला, आणि तोही भर ओटीवर, चारचौघांच्या देखत. आता सगळं निभावलंय म्हणून हसत सांगतोय. त्या आठवड्यात मला कोणी हसायला सांगितलं असतं तर मी त्याच्या अंगावर धावून गेलो असतो.

झालं असं. आमची सून नम्रता ठाण्यातल्या एका कंपनीसाठी विम्याचे कागद तपासते, आणि ते घरी बसून, लॅपटॉपवर. घर म्हणजे वैशाखरे. माळशेजला जाणाऱ्या गाड्या आमच्यासमोरून भुर्रकन निघून जातात आणि मोबाइलची रेंजही त्यांच्याबरोबरच जाते. फोनवर दोन वाक्यं धड बोलायची तर शेजारच्या भगीरथच्या उकिरड्यावर चढून उभं राहावं लागतं. म्हणून आम्ही केबलवाल्याकडून इंटरनेट घेतलं. डबा बसला, हिरवे दिवे लागले, सून कामाला लागली. आणि मग एका सोमवारी कंपनीचा मेल आला.

पुढच्या सोमवारी रविना मॅडम म्हणून कोणी व्हिडिओवरून आमचं नेटवर्क तपासणार होत्या. ज्या नेटवर्कवर कंपनीचा लॅपटॉप, त्यावर फक्त घरातल्या माणसांची यंत्रं. परक्याचं एक जरी सापडलं तरी घरून काम बंद आणि रोज ठाण्याला हजेरी. वैशाखऱ्याहून रोज ठाणं म्हणजे जीपनं मुरबाड, एसटीनं कल्याण, तिथून पुढे गाडी. पोचेपर्यंत परतायची वेळ. म्हणजे माझा मुलगा ओमकार, नम्रता आणि आमची नात काजल, तिघं कल्याणला खोली घेऊन राहणार. काजल तीन वर्षांची आहे. सकाळी उठली की डोळे चोळत येते आणि पहिली माझ्या पोटावर बसते. ती कल्याणला गेली तर मी सकाळी उठायचंच कशाला, असं मला होऊन गेलं. पण हे सांगायचं कोणाला?

"हे बघ," मी शकूला, म्हणजे आमच्या हिला, बजावलं. "गावात चकार शब्द काढू नकोस. लोक म्हणतील, देसल्याचा मुलगा वेगळा निघाला."

"मी कशाला काढू? शब्द काढायचं खातं तुमच्याकडं आहे," शकू म्हणाली.

नम्रतानं मला जवळ बसवून समजावलं. "बाबा, ह्या एका डब्यातून दोन नेटवर्क निघतात. एक आपलं मुख्य. त्यात माझा लॅपटॉप आणि आपले फोन. दुसरं गेस्ट नेटवर्क. बाहेरचं कोणी आलं तर त्याला ते द्यायचं. त्याला इंटरनेट मिळतं, पण आपल्या आत डोकावता येत नाही."

"म्हणजे एक माजघर आणि एक ओटी," मी म्हटलं.

"अगदी तसंच!"

सुनेनं इतक्या झटकन 'अगदी तसंच' म्हटलं की हे खातं आपल्याला जमणार असं मला वाटून गेलं. तिथंच घात झाला.

त्यात आणखी एक गंमत होती. मुख्य नेटवर्कमध्ये शिरायला नुसता पासवर्ड पुरत नाही. नवं यंत्र दाराशी आलं की मालकाच्या फोनवर विचारणा येते, 'अमुक यंत्र आत येऊ पाहत आहे', आणि खाली दोन बटणं असतात. मंजूर आणि नामंजूर. आता तुम्हीच सांगा. माझी उभी नोकरी सरकारी कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर गेली. कागद आला, शिक्का मारला, पुढं सरकवला. मंजूर करणारे वेगळे, ते पंख्याखाली बसायचे. आणि निवृत्तीनंतर ते बटण माझ्या अंगठ्याखाली यावं! मी म्हटलं, "सूनबाई, मालक म्हणून माझाच फोन लाव."

दोन्ही नेटवर्कना नावं द्यायची होती. नम्रतानं काहीतरी इंग्रजी सुचवलं. मी म्हटलं, आपल्या लोकांना कळायला हवं. एकाचं नाव ठेवलं 'देसले घरचे' आणि दुसऱ्याचं 'देसले पाहुणे'. पाहुणा आत शिरताना त्याच्यापुढं एक पान उघडतं, त्यावर अटी लिहिता येतात म्हणे. अटी म्हटल्यावर मला राहवेना. 'सदर सुविधेचा लाभ घेऊ इच्छिणाऱ्या अतिथीने आपले वर्तन सौजन्यपूर्ण ठेवावे. परवानगीची मुदत एक दिवस राहील. मुदत संपल्यावर नव्याने विनंती करावी. विनंती मान्य करणे वा न करणे हा मालकाचा अधिकार राहील.' ओमकारनं वाचलं आणि म्हणाला, "बाबा, हे वाचून पाहुणा चहासुद्धा न घेता परत जाईल." आजकालच्या मुलांना मसुदा म्हणजे काय ते कळतच नाही.

संध्याकाळी धाऊआबा आले. माझे थोरले चुलतभाऊ, घराला घर लागून. त्यांना फोनवर बैलगाड्यांच्या शर्यती बघायचा नाद, आणि आमच्या ओटीवर वायफाय आल्यापासून त्यांची संध्याकाळ तिथंच जायची. मी मोठ्या हौसेनं त्यांचा फोन घेतला, 'देसले पाहुणे' शोधलं, पान उघडलं, आणि आबांना चष्मा नाही म्हणून त्या अटी त्यांना मोठ्यानं वाचून दाखवल्या. मला कोणी सांगितलं होतं वाचायला? पण लिहिलेलं वाचून दाखवायची हौस वाईट.

आबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग फोन माझ्या हातातून काढून घेतला.

"अनंता, मी पावना?"

"आबा, ते नुसतं नाव आहे हो..."

"तुज्या लग्नात मांडवाला उंबराची मेढ कोनी आनली? तुजा बाप खाटंला खिलला तवा तुमची लावनी कोनी उरकली? आनि मी रोज नव्यानं विनंती करू? तुज्याकडं?"

आबा उठले आणि चपला पायात न घालता हातात घेऊन निघून गेले. शकू आतून सगळं ऐकत होती. "एवढं काय नेणार आहे तो म्हातारा माणूस तुमच्या माजघरातून? घ्या त्यांना घरच्यांत," ती कडाडली. मी आबांच्या मागं धावलो, त्यांना हाताला धरून परत आणलं आणि घरच्यांत मंजूर केलं. एक म्हातारा माणूस, एक फोन. रविना मॅडमना काय कळतंय, असा मी विचार केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी भगीरथ हजर. भगीरथ म्हणजे आमच्या पलीकडचा. वायफायपासून वांग्याच्या रोपापर्यंत त्याला ठाऊक नाही असा विषय नाही.

"काका, धाऊआबा घरचं आनि आमी पावनं? आपली भावकी येक, देव येक. मंग आमाला भाईर का ठेवता?"

"बाहेर कुठं रे? इंटरनेट तेच आहे."

"तेच हाय तर मंग घरच्यांत घ्या की!"

त्यालाही घरच्यांत घेतलं. मग भगीरथची आई लहानीकाकू प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला फोन घेऊन आल्या, "माजा पन घरात घे रं बाबा." मग वरच्या आळीतले, मग खालच्या आळीतले. माझ्या फोनवर माणसाचं नाव येत नाही. येतं ते यंत्राचं नाव आणि त्याखाली अक्षर-आकड्यांची लांबलचक रांग. ती म्हणे त्या यंत्राची जन्मखूण. त्यामुळे कोणाला घेतोय ते कळेना. म्हणून मी नियम काढला की ज्यानं त्यानं फोन घेऊन समक्ष यावं. झालं! ओटीवर रांग लागली. शकू चहा करून करून टेकीला आली. भगीरथनं त्यातही सल्ला दिला की सगळ्यांनी आपापल्या फोनला ओळखू येतील अशी नावं द्यावीत, आणि स्वतःच्या फोनला 'भगीरथ शेठ' असं नाव देऊन मोकळा झाला. हे सगळं बघून नम्रता काही बोलली नाही, नुसती माझ्याकडं बघत राहिली. सुनेनं बोललेलं परवडतं.

'देसले पाहुणे' मात्र कचेरीतल्या तक्रारपेटीसारखं रिकामं राहिलं. आमच्या गावात पाहुणा व्हायला एकही माणूस तयार नव्हता.

शुक्रवारी मला शहापूरला बँकेत जावं लागलं, हयातीच्या दाखल्यासाठी. तिथं मी जिवंत समोर उभा, पण यंत्रावर अंगठा ठेवला की यंत्र म्हणतं, ओळख पटत नाही. पुसून ठेवला, दाबून ठेवला, डाव्या हाताचा ठेवला. "रेषा झिजल्यात काका," तिथली बाई म्हणाली. शेवटी डोळ्यावरून ओळख पटली आणि मी जिवंत ठरलो. दमून भागून मुरबाडवरून घरी आलो, ओटीवर बसलो, फोन उघडला, तर समोर पान. 'सदर सुविधेचा लाभ घेऊ इच्छिणाऱ्या अतिथीने आपले वर्तन सौजन्यपूर्ण ठेवावे.'

माझ्याच अटी, मलाच!

नम्रतानं बघून सांगितलं ते असं. मुख्य नेटवर्कमध्ये ठरावीक यंत्रंच मावतात आणि ते गच्च भरलं होतं. सकाळी जीपला हात करता करता मी भगीरथचा टीव्ही मंजूर केला होता. मी गावाबाहेर गेलो, माझी जागा रिकामी झाली आणि त्या जागेवर भगीरथचा टीव्ही बसला. परत आल्यावर माझ्या फोनला मिळाली ती पाहुण्यांतली जागा. आणि मालकाची बटणं पाहुण्यांतून दिसत नाहीत. म्हणजे मी माझ्या घरात पाहुणा, तोही एका दिवसाच्या मुदतीचा, आणि मंजूर-नामंजूर दोन्ही गेलं. पलीकडून भगीरथ ओरडला, "काका, टीव्ही मस्त चालतोय! कायपन अडकत नाय!" मी फोन पालथा ठेवला. माणसाचा अपमान व्हावा, पण तो टीव्हीकडून होऊ नये.

"बाबा," नम्रता हळूच म्हणाली, "उद्या मी घरच्यांचा पासवर्ड बदलते. सगळे आपोआप बाहेर पडतील. चालेल ना?"

मी म्हटलं, बदल. माझा स्वाभिमान दुखावला होता आणि अशा वेळी मी फार लवकर हो म्हणतो.

शनिवारी सकाळी पासवर्ड बदलला. ओटीवर कोणी भांडायला आलं नाही. ते आले असते तर बरं झालं असतं. आधी भगीरथची बायको आली आणि आमचं मोठं पातेलं न बोलता पायरीवर ठेवून गेली. मग लहानीकाकूंनी चाळण आणून दिली. मग कोणीतरी घमेलं, कोणीतरी दोर, कोणीतरी आमचा पाटा. आमच्याकडं उसनं नेलेलं भांडं न मागता परत आलं की समजावं, बोलणं बंद झालं. शकूच्या डोळ्यांत पाणी. ती म्हणाली, "पुढच्या महिन्यात भगीरथच्या लेकीची, रंजिताची, हळद आहे. त्या पातेल्यात त्यांचा भात व्हायचा होता."

तेवढ्यात धाऊआबा आले. मला वाटलं, बोलतील. ते सरळ मागल्या पडवीत गेले आणि आमची शिडी उचलून चालू लागले.

"आबा, शिडी कुठं नेताय?"

"माजी हाय."

खरंच त्यांची होती. मग हळूहळू कळत गेलं की ओटीवरची खाट भगीरथची, कुदळ आबांची आणि मी ज्या लाकडी खुर्चीत बसून अटी लिहिल्या ती लहानीकाकूंची. ज्याचं त्यानं उचलून नेलं आणि दुपारपर्यंत आमचं घर बघवेना. मी नम्रताला म्हटलं, "बाई, तो जुना पासवर्ड परत लाव. मी हरलो." तिनं लावला. सगळे फोन परत आत आले, पातेलं मात्र पायरीवरच राहिलं.

संध्याकाळी नम्रता अंगणात फोनवर बोलत होती. "हो, कल्याण पश्चिमच. एक खोली आणि स्वयंपाकघर चालेल. मंगळवारी कळवते." काजल तिच्या पायाशी मातीत खेळत होती. तिनं मला विचारलं, "आजोबा, तू येणाल ना कल्याणला?" मी आत जाऊन उगाच कणगी झाडत बसलो. कणगी रिकामी होती.

रविवारी जेवताना माझा घास तोंडाशी थांबला. मला आमच्या जुन्या साहेबांची आठवण झाली. कचेरीत लोकांची तक्रार असायची की आम्हाला 'प्रतीक्षा कक्षा'त तासन्‌तास बसवून ठेवतात. साहेबांनी दुसऱ्या दिवशी त्याच खोलीवर 'सन्मान कक्ष' अशी पाटी लावली. बाक तेच, ढेकूण तेच, वाट बघणंही तेवढंच. तक्रार बंद!

"नम्रता!" मी उष्ट्या हातानं उठलो. "पाट्या बदल!"

"काय?"

"पाहुण्यांना घरचे म्हण आणि घरच्यांना पाहुणे म्हण. ओटीवर माजघराची पाटी लाव!"

पोरगी हुशार. एका क्षणात तिचा चेहरा उजळला. गेस्ट नेटवर्कला तिनं 'देसले घरचे' हे नाव दिलं आणि पासवर्डही तोच जुना ठेवला. गावातले सगळे फोन त्या नावाच्या मागं आपोआप तिकडं गेले, कोणाला पत्ताही लागला नाही. माझ्या अटींचं पान तिनं काढून टाकलं. ते ऐकून मला थोडं वाईट वाटलं, पण बोललो नाही. मुख्य नेटवर्कचं नाव झालं 'देसले पाहुणे', नवा पासवर्ड, आत फक्त लॅपटॉप आणि आमचे फोन. मालकाची बटणं परत माझ्या हातात आली. आता कुलपाची काळजी नव्हती. 'पाहुणे' लिहिलेल्या दारात वैशाखऱ्यातला कोण पाय ठेवणार?

सोमवारी सकाळी रविना मॅडम व्हिडिओवर आल्या. कोरा चेहरा, कानाला यंत्र. नम्रता ताठ बसलेली, मी शेजारी इस्त्रीचा शर्ट घालून, शकू दारात पदराला हात पुसत.

"मुख्य नेटवर्कचं नाव?"

"देसले पाहुणे," नम्रता म्हणाली.

"आणि गेस्टचं?"

"देसले घरचे."

मॅडमनी लिहिता लिहिता वर पाहिलं. "उलटं नाही का झालं?"

"मॅडम," मी घसा खाकरला, "ही सुरक्षा उपाययोजना आहे."

त्यांनी मान डोलावली आणि यंत्रं मोजायला घेतली. इतक्यात माझ्या हातातल्या फोनवर विचारणा आली. काहीतरी आत येऊ पाहत होतं. आठवडाभर दाबून दाबून माझ्या अंगठ्याला लागलेली सवय! मी वाचायच्या आत अंगठ्यानं मंजूर केलं.

"हे आत्ता एक नवं यंत्र जोडलं गेलं," मॅडम म्हणाल्या. "'किंग माळशेज'. हे कोण?"

नम्रताचा चेहरा पांढराफटक पडला. मी ओटीकडं वळून पाहिलं. धाऊआबा उंबऱ्याशी उभे होते, खांद्यावर आमची, म्हणजे त्यांची, शिडी. हातात नातवाचा जुना फोन, त्याचं नाव नातवानं ठेवलेलं. ते शकूला सांगत होते, "येवडा भांडलो, चुकलंच माजं. तो पावना म्हनतो तर मी पावनाच व्हतो. लाव मला पावन्यांत." आणि त्या भोळ्या बाईनं त्यांना नवा पासवर्ड सांगून टाकला होता!

"सर, हे यंत्र कोणाचं आहे?"

बटण माझ्यासमोर होतं. दिलेली मंजुरी काढून नामंजूर दाबलं असतं तर लगेच मिटलं असतं. पण आबा दारात उभे, शिडी परत घेऊन आलेले, आणि ह्या वेळी त्यांना बाहेर काढायचं माझ्या अंगठ्याच्या जिवावर येईना. मी पडद्याकडं वळलो. "मॅडम, ते आमचे थोरले भाऊ. घरचे आहेत."

"तुमच्याच घरात असतात?"

मी तोंड उघडायच्या आत आबांनीच लॅपटॉपात डोकं घातलं. "सकाल-सांज हितंच असतो, बाय. निजाया तेवडा पलीकडं जातो. ह्याचं लगीन मीच लावलं."

मॅडम पहिल्यांदाच हसल्या. "माझे आजोबापण असेच होते. घरातले म्हणून नाव नोंदवते. बाकी सगळं व्यवस्थित आहे. नम्रता, तुम्ही घरूनच काम चालू ठेवा."

पडदा बंद झाला. मग नम्रता एकदम रडायला लागली, शकूनं तिला जवळ घेतलं, आणि मी खाट नाही हे विसरून बसायला गेलो तो थेट जमिनीवर. छातीवरचा धोंडा उतरणं म्हणजे काय ते मला त्या जमिनीवर कळलं. थोड्या वेळानं नम्रतानं डोळे पुसले आणि कल्याणला फोन लावला. "खोली नको आता. दुसऱ्या कोणाला द्या."

"कल्यानला? कोनाला खोली?" आबांनी विचारलं.

आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी त्यांना सगळं सांगितलं, मेल, तपासणी, ठाणं, काजल. आबांनी शिडी भिंतीला टेकवली आणि माझ्या शेजारी जमिनीवर बसले.

"येवडंच व्हतं? अरं गाढवा, पोर गावातनं जानार म्हनून येकदा सांगायचं नाय? आमी समद्यांनी फोन बंद करून पेटीत टाकलं असतं!"